जेवढं राखता येईल, तेवढंच उघडं करा

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं कमी करून:

"चार महिन्यांपूर्वी आम्ही आमचं पहिलं घर घेतलं. जुनं, बैठं, स्वतंत्र घर. सहा-सात वर्षं बंद पडलेलं होतं. नळ, वायरिंग, रंग यातच सगळे पैसे आणि सगळ्या सुट्ट्या संपल्या. आता प्रश्न पुढच्या अंगणाचा. साधारण 9 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद जागा आहे, आणि माणूस हरवेल एवढं रान माजलंय. फाटक अर्धंच उघडतं, कारण त्यामागे काट्यांचं भलंमोठं झुडूप पसरलंय. त्याला मध्येच गुलाबी फुलं येतात. ते तोडावं की ठेवावं? डाव्या बाजूला मोठं झाड आहे, त्याची एक फांदी छपरावर टेकलीय. मागच्या महिन्यात आम्ही दोघांनी दोन रविवार घालून खिडकीपुढचा तुकडा साफ केला, तर तीन आठवड्यांत पुन्हा हिरवंगार! मला रडूच आलं. सासूबाई म्हणतात, सापविंचवाची भीती नको, सगळीकडे फरशी घालून टाका. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, त्यामुळे त्यांचंही चुकत नाही. नवऱ्याला हिरवळ हवीय. एक ठेकेदार म्हणतो, जेसीबी लावून एका दिवसात सपाट करून देतो. येणारे-जाणारे बघतात आणि स्वतःच्याच दारात उभं राहायची लाज वाटते. कुठून सुरू करू?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या "तीन आठवड्यांत पुन्हा हिरवंगार" या शब्दांपाशी मी थांबले. बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत. तुम्ही दोघांनी कष्ट कमी घेतले असं मुळीच नाही. तुम्ही जमीन उघडी केलीत आणि ती तशीच सोडलीत, एवढंच झालं. उघडी जमीन रिकामी राहत नाही. आपण काही लावलं नाही, झाकलं नाही, तर ती आपलं आपण लावून घेते. म्हणून माझा सल्ला एका ओळीचा आहे: एका वेळी जेवढं राखता येईल, तेवढंच उघडं करा. पुढचं सगळं त्याचाच तपशील समजा.

तुमच्या त्या तुकड्यात काय झालं असेल ते सांगते. सहा-सात वर्षं तिथं तण वाढलं, फुललं, बी सांडलं. त्या बिया मातीच्या थराथरात पडून आहेत. पुष्कळ तणांच्या बियांना उगवायला उजेड लागतो, क्षणभराचासुद्धा पुरतो. कुदळीनं माती उलटली की खालच्या बिया वर येतात आणि त्यांना तो उजेड मिळतो. त्या किती वर्षं वाट पाहू शकतात याचा एक प्रयोग अमेरिकेत मिशिगनमध्ये अजून चालू आहे. विल्यम जेम्स बील नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 साली तणांच्या बिया वाळूत मिसळून 20 बाटल्यांत भरल्या आणि त्या बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बिया पेरून बघतात. 2021 साली काढलेल्या बाटलीतल्या काही बियासुद्धा उगवल्या. तेव्हा तीन आठवड्यांत हिरवं झालं म्हणून रडू नका. त्या जमिनीत ते आधीपासूनच होतं.

आता जेसीबीचं. मी नको म्हणेन, आणि ठामपणे म्हणेन. एका दिवसात सपाट होतं हे खरं, पण तो दिवस संपल्यावर तुमच्यासमोर 54 चौरस मीटर उघडी जमीन असेल आणि राखायला दोन माणसं, तीही फक्त रविवारी. शिवाय यंत्राच्या वजनानं माती दाबून घट्ट होते, वरचा काळा थर खाली जातो, झाडाची मुळं तुटतात. बहुतेक झाडांच्या अन्नपाणी घेणाऱ्या मुळ्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरातच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही लांब पसरलेल्या असतात. मुळं तुटल्याचं झाड लगेच दाखवत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंडे वाळायला लागतात, तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

हे मी दुरून सांगत नाहीये. माझ्या पहिल्या घराचं अंगण मी असंच एका शनिवार-रविवारी माणसं लावून लख्ख करून घेतलं होतं. संध्याकाळी पायरीवर बसून बघताना फार बरं वाटलं. नंतर पहिला मोठा पाऊस आला आणि वरची माती वाहून फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. दाराशी खडे उघडे पडले. त्या खड्यांतून जे उगवलं ते आधीच्या रानापेक्षा चिवट होतं. माती परत तशी व्हायला मला चार वर्षं पालापाचोळा घालावा लागला. म्हणून तुम्हाला कळवळून सांगते, घाई करू नका.

सुरुवातीला खुरपं हातात न घेता तीन-चार दिवस फक्त बघा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि दुपारी चार, अशा तीन वेळांना त्याच जागी उभं राहून फोनवर फोटो काढा. ऊन कुठे किती वेळ असतं ते कळेल, आणि पुढे काय लावायचं हे निम्म्यानं तिथंच ठरेल. एक चांगला पाऊस झाला की छत्री घेऊन बाहेर या आणि पाणी कुठून कुठे जातं, कुठे साचतं ते पाहा. पाण्याची पाइपलाइन, ड्रेनेजचं झाकण, सेप्टिक टाकी, जमिनीखालची वीजवाहिनी, हे सगळं कुठे आहे ते ज्यांच्याकडून घर घेतलं त्यांना विचारून कागदावर मांडून ठेवा. ते कळल्याशिवाय पहार मारू नका.

आणि साफ करताना सासूबाईंची भीती खरी धरून चाला. दाट गवतात, दगडविटांच्या ढिगात साप असू शकतो. काम भर दिवसा करा, घोट्याच्या वर येणारे बूट आणि जाड हातमोजे घाला. आधी लांब काठीनं गवत झोडपा, जमिनीवर पाय आपटत जा. साप हादऱ्यावरून माणूस ओळखतो आणि बहुतेक वेळा स्वतःच निघून जातो. बाहेरून आत सरका, म्हणजे त्याला पळायला वाट राहील. जिथं डोळ्याला दिसत नाही तिथं हात घालायचा नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकासाठी. साप दिसलाच तर मागे व्हा, मारायला जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा. झुडपात गांधीलमाश्यांचं पोळं किंवा पक्ष्याचं घरटं आहे का तेही आधी बघा. घरट्यात पिल्लं असतील तर ते झुडूप महिनाभर तसंच राहू द्या. तेवढ्यानं काही बिघडत नाही.

मग सुरुवात कुठून? फाटकापासून दारापर्यंत. फक्त वाट. सव्वा मीटर रुंदीची, म्हणजे दोन माणसं शेजारून चालू शकतील एवढी. दोन दोऱ्या ताणा आणि दोऱ्यांच्या आत जे आहे तेवढंच काढा. बाहेरचं कितीही खुणावलं तरी त्याला हात लावू नका. हे अवघड जाईल, कारण एकदा विळा हातात आला की माणूस थांबत नाही. पण घरात येणारा प्रत्येक जण वाटेवरूनच येतो, आणि एक नीट वाट असली की बाजूचं रान रानासारखं दिसत नाही, झाडी दिसते. हा फरक तुम्हाला पहिल्याच रविवारी जाणवेल.

वाट साफ करताना खुरपं हळू चालवा. जुन्या घरांत वाटेची फरशी बहुतेक वेळा जागेवरच असते, फक्त तिच्यावर पाचोळा कुजून दोन-तीन बोटं माती झालेली असते. खुरप्याला ठण्ण आवाज आला की थांबा, हातानं माती बाजूला करा, कडा शोधा. एक कड सापडली की दुसरी तिच्या रेषेतच मिळते. गवताच्या मुळ्यांची सतरंजी झालेली असते ती चटईसारखी गुंडाळून निघते, आणि खाली कुणीतरी मन लावून बसवलेली फरशी दिसते. वरून निघालेली ती काळी माती टाकू नका. अंगणातली सगळ्यात चांगली माती तीच.

दुसरा तुकडा घराच्या भिंतीलगतचा. भिंतीपासून अर्धा मीटर पट्टा पूर्ण मोकळा ठेवायचा, कायमचा. तिथं झुडूप नको, वेल नको, विटांचा ढीग नको. ओल धरत नाही, उंदीर-घुशींना आडोसा मिळत नाही, आणि उंदीर नसले की त्यांच्यामागे येणारा सापही येत नाही. मुलासाठी याहून चांगली सोय नाही. तिथली मातीची पातळीही बघा. वर्षानुवर्षं पाचोळा साठून माती जोत्यावर चढलेली असते आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्यात ओल दिसते. माती जोत्याच्या किमान 15 सेंटिमीटर खाली असावी, आणि भिंतीपासून पहिल्या 3 मीटरमध्ये जमीन 15 सेंटिमीटर उतरती असावी. पागोळ्या जिथं पडतात तिथं जाडसर खडी पसरा, म्हणजे भिंतीवर चिखल उडत नाही.

एवढं होईपर्यंत बाकीच्या अंगणाचं काय करायचं? कापायचं, पण खणायचं नाही. गवत आणि तण वीतभर उंचीवर कापत राहा, पंधरा दिवसांनी एकदा. फुलावर येऊ द्यायचं नाही, एवढा एकच हेतू. यंदा बी सांडलं नाही तर पुढच्या वर्षीचं काम आपोआप कमी होतं. मुळं मातीत राहिल्यानं पावसात माती वाहत नाही. दिसायलाही वीतभर कापलेलं गवत बऱ्यापैकी नेटकं दिसतं.

मात्र चार तणांना ओळखून घ्या, कारण त्यांना हा सरसकट नियम चालत नाही.

गाजरगवत हातमोज्यांशिवाय धरू नका. त्याच्या स्पर्शानं त्वचेला खाज आणि पुरळ येते, आणि एकदा ॲलर्जी जडली की सहसा जात नाही. एका झाडाला 10,000 हून जास्त बिया येऊ शकतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलतं, म्हणून पांढरी फुलं दिसण्याआधी, माती ओली असताना, मुळासकट उपटा. घाणेरी, म्हणजे टणटणी, वरून कितीही छाटली तरी बुंध्यातून फुटवे येतात. तिचा गड्डा पहारीनं उचकटून काढावा लागतो. हे दोन तसे सरळ शत्रू.

हरळी आणि लव्हाळा यांच्याशी वेगळं वागावं लागतं. हरळीच्या मुळीला जागोजाग पेरं असतात, आणि एक पेर असलेला बोटभर तुकडाही नवं झाड होतो. जिथं हरळी आहे तिथं कुदळ सरसकट चालवली किंवा रोटाव्हेटर फिरवला, तर आपण स्वतःच तिची लागवड करतो. माती भुसभुशीत असताना बागकामाच्या दातेरी काट्यानं उकरून, पांढरी मुळी लांबच्या लांब ओढून काढायची.

आणि लव्हाळा. तुमच्या खिडकीपुढे बहुधा हाच असावा, कारण तीन आठवड्यांत इतकं हिरवं करणं त्याला सहज जमतं. ओळख सोपी आहे. दांडी बोटांत फिरवून बघा, गवताची गोल असते, याची तीन कंगोऱ्यांची. एक झाड खुरप्यानं खोलवर उचलून, माती झटकून तळहातावर घ्या. खाली हरभऱ्याएवढी काळपट गाठ दिसेल, तिच्यातून तारेसारखी बारीक मुळी निघालेली, आणि ती पुढच्या गाठीला जोडलेली. नखानं गाठ फोडलीत तर आत पांढरी, आणि वास उग्र सुवासिक येतो. पात धरून उपटली की ती तार तुटते आणि गाठ मातीतच राहते. साखळी अखंड असते तोवर टोकाचा कोंब बाकीच्या गाठींना झोपवून ठेवतो. साखळी तुटली की त्या जाग्या होतात, एकाच्या जागी चार उगवतात. तुम्ही दोन रविवार उपटत होतात तेव्हा नेमकं हेच झालं असणार. त्यावर उपाय दोन. एक, पाच-सहा पानं होण्याआधी पुन्हा पुन्हा गाठीसकट काढायचं, म्हणजे गाठीतला साठा संपत जातो. दुसरा मला जास्त भरवशाचा वाटतो: सावली. लव्हाळ्याला आणि हरळीला ऊन लागतं. पसरणाऱ्या झुडपांखाली, दाट पानांखाली ती हळूहळू विरळ होत जातात. वेळ लागतो, पण टिकतं.

लव्हाळा नसलेल्या भागात पुठ्ठ्याची युक्ती करून बघा. घर लावताना खोकी जमली असतीलच. चिकटपट्टी आणि पिना काढून टाका, गवत जमिनीलगत कापा, जमीन भिजवा, आणि पुठ्ठे एकमेकांवर वीतभर चढवून अंथरा. पुठ्ठा ओला करून त्यावर 8 ते 10 सेंटिमीटर पालापाचोळा घाला. खालचं गवत उजेडाविना मरतं, पुठ्ठा काही महिन्यांत कुजतो, गांडुळं वर येतात. खणायची गरजच राहत नाही. लव्हाळ्याचा टोकदार कोंब मात्र पुठ्ठा भोसकून वर येतो, म्हणून तिथं यावर भिस्त ठेवू नका. पाचोळा झाडाच्या बुंध्याला चिकटवायचा नाही, चार बोटं लांब ठेवायचा, नाहीतर साल कुजते.

भर उन्हाळा जवळ असेल तर आणखी एक करता येतं. जमीन सपाट करून नीट भिजवायची, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबायच्या, आणि 4 ते 6 आठवडे हात लावायचा नाही. आतल्या उष्णतेनं वरच्या थरातल्या पुष्कळ बिया मरतात. ही पद्धत इस्रायलमधल्या संशोधकांनी 1976 साली मांडली. प्लास्टिक काळं नको, पारदर्शकच हवं, कारण ऊन आत जायला हवं. ज्या छोट्या वाफ्यात तुम्हाला लगेच काही पेरायचंय तेवढ्यापुरतं हे करा.

मिठाचं पाणी टाका असं कुणी ना कुणी सांगेलच. कृपा करून टाकू नका. मीठ मातीत राहतं आणि तणाबरोबर पुढची सगळी झाडंही जाळतं. तणनाशकाबद्दल माझं मत असं आहे की चार वर्षांचं मूल ज्या अंगणात खेळणार आहे तिथं, 54 चौरस मीटरसाठी, त्याची गरज नाही. सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली "माणसात बहुधा कर्करोगकारक" या गटात टाकलं. त्यावर मतभेद आहेत, पण एवढ्याशा जागेला खुरपं पुरतं. काढलेलं तण जाळूही नका. बी नसलेला पाला कुजवा. बी आलेलं आणि गाठीवालं तेवढं वेगळ्या पोत्यात भरून कडक उन्हात पूर्ण वाळवा.

आता झाड. छपराला टेकलेली फांदी काढायलाच हवी, ती छप्पर घासून फोडेल. पण झाड तोडायचा विचार मनातून काढून टाका. तेवढी सावली पुन्हा मिळवायला तुमचा मुलगा कॉलेजात जावा लागेल. शिवाय मोठं झाड तोडायला पुष्कळ ठिकाणी परवानगी लागते. फांदी उंचावर आणि छपरावर असल्यानं हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, पण खाली उभं राहून दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, कापायची पद्धत. जड फांदी एका घावात तोडली की तुटताना खोडाची साल खालपर्यंत सोलून नेते. आधी बुंध्यापासून हातभर लांब, खालून थोडा काप घ्यायचा, मग त्याच्या जरा पुढे वरून कापून फांदी उतरवायची, आणि शेवटी उरलेला खुंट कापायचा. दुसरी, खुंट नेमका कुठे कापायचा. फांदी खोडातून निघते तिथं सुरकुतलेली, जरा फुगीर कड असते. ती कड झाडाकडेच राहायला हवी, काप तिच्या अगदी बाहेर हवा. अमेरिकेच्या वनखात्यातल्या ॲलेक्स शिगो यांनी शेकडो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, ती आतून कोंडून टाकतं, आणि कोंडण्याचं काम या कडेपाशी होतं. खोडाला लागून सपाट कापलं की ते कोंडणं बिघडतं. कापल्यावर रंग किंवा डांबर फासायची गरज नाही. एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त फांद्या काढू नका.

सासूबाईंच्या फरशीबद्दल त्यांच्याशी बोलताना हा हिशोब मांडून बघा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. तुमच्या अंगणात 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 1,350 लिटर पाणी होतं, आणि छपरावरून येतं ते वेगळंच. माती त्यातलं बरंचसं पिऊन टाकते. सगळीकडे फरशी घातली तर सगळं पाणी उताराकडे पळेल, आणि उतार जरा जरी चुकला तर जोत्याकडे. उन्हात फरशी तापून खिडकीतून झळा येतील. पण त्यांचं म्हणणं निम्मं मान्य करा, कारण निम्मं योग्य आहे. वाट, दारापुढचा ओटा आणि मुलाला तीनचाकी फिरवायला एक मोकळा चौक, एवढ्याला फरशी घाला, सिमेंटऐवजी वाळूवर बसवलेली, म्हणजे सांध्यांतून पाणी मुरेल आणि पाइप फुटला तर ती उचलून परत बसवता येईल. त्यांना खुर्ची टाकून बसता येईल अशी जागा त्या चौकात त्यांनाच निवडू द्या.

नवऱ्याला सांगा, हिरवळ वर्षभरानंतर. तीही छोटी, जिथं तुमच्या फोटोंत दिवसाचे सहा तास ऊन दिसेल तिथेच. हिरवळ म्हणजे दर आठवड्याची कापणी आणि भरपूर पाणी. लव्हाळा असलेल्या जमिनीवर आत्ता लावाल तर तिच्यातून तोच वर येईल.

लावायला झुडपंच आधी घ्या, आणि थोडीच. रोपवाटिकेत रोप दिसतं केवढं यापेक्षा पूर्ण वाढल्यावर पसरतं केवढं ते विचारा आणि तेवढं अंतर सोडा. मधल्या मोकळ्या जागा पाचोळ्यानं झाका. खड्डा खणण्याआधी माती वाफशावर आहे का बघा. मूठभर घेऊन दाबा, लाडू होऊन बोटाच्या टोच्यानं फुटला तर वाफसा आहे. चिकटून राहिला तर दोन दिवस थांबा. ओल्या चिकट मातीत खणलं की तिचे विटेसारखे गठ्ठे होतात. निचराही तिथंच कळेल. फूटभर खोल खड्डा पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाभरानं मोजा. दुसऱ्या वेळी तासाला 2 ते 3 सेंटिमीटर पाणी उतरलं तरी पुरे. त्याहून कमी उतरलं तर ओल सोसणारी झाडं निवडा किंवा वाफा उंच करा. रोपाचा खड्डा मुळांच्या गड्ड्याएवढाच खोल आणि त्याच्या दुप्पट रुंद हवा. खोल लावलेलं रोप बुंध्याशी कुजतं.

लाजेचं म्हणाल, तर येणारे-जाणारे बघतात ते बहुतेक कुतूहलानं. इतकी वर्षं बंद असलेल्या घरात दिवा लागला म्हणून बघत असतील. त्यांतल्या एखाद्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला हाक मारून विचारा की इथं आधी काय काय लावलेलं होतं. पहिला पाऊस झाल्यावर जिथं काही नव्हतं तिथून लिलीचे कंद, निशिगंधाचे कंद उगवून येतात असं जुन्या अंगणांत पुष्कळदा होतं. म्हणूनही एक पाऊस जाईपर्यंत सगळीकडे खणू नका म्हणते.

आता ते फाटकामागचं झुडूप. काटे, आणि मध्येच गुलाबी बहर, यावरून मला ती बोगनवेल वाटते. फूल जवळून बघा. गुलाबी पाकळी कागदासारखी पातळ असेल आणि तिच्यावर पानासारख्या शिरा असतील, तर ती बोगनवेलच. ती गुलाबी खरं तर पानंच असतात. मधे पांढऱ्या टोकाच्या बारीक नळ्या दिसतात, ते खरं फूल. बोगनवेलीला पाणी कमी लागतं, ऊन सोसतं आणि छाटणी चांगली मानवते. बहर नव्या फुटीवर येतो, म्हणून आत्ताचा बहर ओसरला की ती छाटा. वाळलेल्या आणि एकमेकींत अडकलेल्या फांद्या बुडापासून काढा, तीन-चार जोमदार दांडे ठेवा आणि ते फाटकाच्या खांबावरून वर चढवून बांधा. काटे वाकडे आणि कठीण असतात, कातडी मोजे आणि लांब बाह्या हव्यातच. डोळ्यांना चष्मा लावा, कारण ताणलेली फांदी सुटली की झापकन तोंडावर येते. कापलेल्या फांद्या अंगणात पडू देऊ नका, मुलाच्या पायात जातील. तोपर्यंत वाटेच्या दोरीच्या आत येतात तेवढ्याच फांद्या कापा, फाटक पूर्ण उघडेल एवढ्या.